भुसावळचे जिभाऊ, मंडप आणि केटरिंग: दोन धर्मांचं लग्न कोणाकडे द्यायचं असेल तर वाचा

लग्न माझ्या धाकट्या भावाचं. आम्ही लेवा पाटील, यावल तालुक्यातले, घरी केळी. नवरी मुसलमान, भुसावळची, वडील रेल्वेतून रिटायर झालेले. दोघांची ओळख पुण्याला नोकरीत झाली आणि निघाले दोघंही तापीच्या दोन काठांवरचे. दोन्ही घरांनी हो म्हणायला बराच वेळ घेतला, तो सगळा इतिहास इथे लिहीत नाही, तो घरचा विषय आहे. लिहितेय ते ज्यांनी हे लग्न अंगावर घेऊन पार पाडलं त्यांच्याबद्दल, कारण अशा लग्नासाठी माणूस शोधताना मला कुठेच धड माहिती मिळाली नव्हती, सगळीकडे नुसते फोटो आणि "ड्रीम वेडिंग".

मूळचे धुळ्याकडचे, पण कित्येक वर्षं भुसावळात मंडप, डेकोरेशन आणि केटरिंग करतात, नवरा-बायको दोघं मिळून. सगळे त्यांना जिभाऊच म्हणतात म्हणून मी पण जिभाऊ लिहिते. त्यांचं आणि दुकानाचं नाव टाकत नाही कारण त्यांनीच हात जोडून सांगितलं की ताई, अशी लग्नं मी आनंदाने करतो पण त्याची जाहिरात नको, उद्या कोणाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही आणि माझी पोरं इथेच शाळेत जातात. ते मला पूर्ण पटलं.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

त्यांच्याआधी आम्ही मोठ्या शहरातल्या एका वेडिंग प्लॅनरशी बोललो होतो, त्यांचं "इंटरफेथ पॅकेज" होतं. सकाळी फेरे, दुपारी निकाह, संध्याकाळी कॉकटेल, स्टेजच्या मागे एका बाजूला मंदिराची कमान आणि दुसऱ्या बाजूला मशिदीची कमान, मध्ये दोघांचे फोटो. आकडा ऐकून बाबांनी फोन खाली ठेवला तो वेगळा विषय, पण मला जास्त राग आला तो याचा की त्या माणसाने तासभर बोलून एकदाही विचारलं नाही की कायद्याने हे लग्न कसं होणार आहे आणि पोरा-पोरीला नक्की काय हवंय. त्या दोघांना धर्म बदलायचा नव्हता, कोणीच नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मग नुसते फेरे मारून काय उपयोग, हिंदू विवाह कायदा 1955चा आहे आणि त्यात दोघंही हिंदू असावे लागतात. नुसत्या निकाहने पण ते भागत नव्हतं. फोटो सुंदर आले असते आणि हातात कागद काहीच नसता, आणि पुढे बँक, पासपोर्ट, वारसा, पोराबाळांची कागदपत्रं, सगळीकडे धावपळ.

जिभाऊंकडे गेलो तर त्यांनी कॅटलॉग काढलाच नाही. चहा सांगितला आणि पहिलं वाक्य, "पयले कागद, मंग मांडव." नोटीस दिली का विचारलं. आम्ही नाही म्हटल्यावर म्हणाले मग ॲडव्हान्स पण आत्ता घेत नाही, आधी जळगावला जाऊन या, वकिलाला भेटा, तारीख त्याच्यावरून ठरेल. मला तिथेच हा माणूस आवडला. धंदा करणारा माणूस समोर आलेला ॲडव्हान्स परत पाठवतो हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

आता हा कागदाचा भाग जरा नीट लिहिते, कारण गडबड सगळी इथेच होते. वेगवेगळ्या धर्माच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करायचं तर विशेष विवाह कायदा, 1954. दोघांपैकी किमान एकजण ज्या जिल्ह्यात नोटीसच्या आधी सलग 30 दिवस राहिलाय त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. आमच्याकडे मुलगी भुसावळला घरीच होती, वर्क फ्रॉम होम, म्हणून जळगाव जिल्हा. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या साइटवर. मग ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लागते आणि 30 दिवस थांबायचं. ते संपले की लग्न करता येतं, पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत, नाहीतर ती नोटीस बाद आणि परत पहिल्यापासून. म्हणजे हातात खरे दोनच महिने उरतात आणि लॉनची तारीख त्या दोन महिन्यांत बसवावी लागते. लोक उलटं करतात, लॉन आधी बुक करतात आणि मग नोटीसचे दिवस मोजत बसतात. जिभाऊंनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून पेनाने आम्हाला मागे मोजत नेलं, लग्न इथे, तर नोटीस इथपासून इथपर्यंत कधीही, याच्या आधी नको आणि याच्या नंतर पण नको.

त्या 30 दिवसांचं सगळ्यांनाच टेन्शन असतं, खरं सांगायचं तर आम्हालाही होतं. नाव, पत्ता सगळं तिथे लागतं, आणि लागल्यावर आमच्या मोठ्या बाबांना कोणातरी अनोळखी माणसाचा फोन आलाच, तुम्हाला माहीत आहे का तुमच्या घरात काय चाललंय म्हणून. मोठे बाबा म्हणाले माहीत आहे, पत्रिका पाठवतो, पत्ता सांगा. फोन कट. पण प्रत्येक घरात असे मोठे बाबा नसतात, म्हणून हे लक्षात ठेवा की आक्षेप कोणालाही घेता येतो पण तो चालतो फक्त कायद्यातल्या अटींवर, म्हणजे वय कमी आहे, मुलगा 21 आणि मुलगी 18 पूर्ण नाही, आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे, दोघं निषिद्ध नात्यातले आहेत, मानसिक स्थिती अशी आहे की संमती देता येत नाही, असं काही. धर्म वेगळा आहे, जात वेगळी आहे, घरच्यांना पसंत नाही, यातलं एकही कारण कायद्यात नाही. आक्षेप आलाच तर अधिकाऱ्याला 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यावा लागतो आणि त्याच्यावर जिल्हा कोर्टात अपील करता येतं. आणि धोका वाटत असेल तर 2018 साली शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचा स्पेशल सेल आणि 24 तास हेल्पलाइन असावी असं सांगितलेलं आहे, तो निकाल वकिलाकडून काढून जवळ ठेवा. जिभाऊंनी आम्हाला लग्नाच्या आधी पोलीस स्टेशनला साधा अर्ज द्यायला लावला, तारीख, ठिकाण, किती माणसं. घाबरून नाही, मोठ्या कार्यक्रमाला देतात तसाच. त्याची शिक्का मारलेली पोच त्यांनी स्वतःच्या फाइलला लावून घेतली.

ऑफिसच्या बाहेर एक एजंट भेटतो, मी आतून लवकर करून देतो, महिना थांबायची गरज नाही, असं सांगतो आणि भरमसाट पैसे मागतो. त्याच्या नादी लागू नका, महिना थांबावाच लागतो आणि सरकारी फी अगदी मामुली असते. अजून एक, कोणीतरी आम्हाला सल्ला दिला की नगरपालिकेत नोंद करून टाका, काम झालं. ती नोंद आधी आपापल्या धर्माप्रमाणे लागलेल्या लग्नाची असते, तिने आमचं काम होणार नव्हतं.

बाबांची भीती वेगळीच होती, सातबाऱ्याची. कोणीतरी गावात सांगितलं की असं लग्न केलं की पोराचा जमिनीतला हक्क जातो. वकीलबाईंनी समजावलं की हक्क जात नाही. एकत्र कुटुंबातला हिंदू माणूस दुसऱ्या धर्मात या कायद्याने लग्न करतो तेव्हा तो कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात, म्हणजे त्याचा हिस्सा वेगळा समजायचा, आणि पुढे त्या दोघांच्या मालमत्तेचा वारसा 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. शेती असेल तर हे लग्नाच्या आधी घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या. आमच्याकडे ही एक बैठक झाली आणि त्यानंतर काकांचा निम्मा विरोध संपला, त्यांच्या मनात धर्मापेक्षा जमीनच होती असं आता मला वाटतं.

हे सगळं झाल्यावर मग खरा मंडपाचा विषय. लॉन मिळवताना एका ठिकाणी तारीख मोकळी आहे सांगितलं, दर ठरला, आणि पत्रिकेवर कोणाची नावं येणार म्हणून विचारल्यावर दुसऱ्या दिवशी रिनोव्हेशन निघालं. वाईट वाटलं, मुलीला तर फार. जिभाऊ काही बोलले नाहीत, दोन दिवसांनी रस्त्याकडेचं दुसरं लॉन दाखवायला घेऊन गेले, मालकासमोर आम्हाला बसवून दोन्ही नावं स्पष्ट सांगितली आणि मगच दराचं बोलले. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी त्यांनी तसंच केलं, फोटोवाला, बँडवाला, मेहंदीवाली, सगळ्यांना नावं आधी. ज्याला जमत नाही त्याने आत्ताच सांगावं, ऐन वेळी नको.

तारखेचं गणित पण त्यांनी छान बसवलं. मुहूर्त लागणार नव्हता, पण आजीला पौष नको होता, मुलीच्या घरी मोहरम आणि रमजान नको, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो म्हणून मागच्या वर्षीचं कॅलेंडर चालत नाही. मे महिना म्हणजे लग्नसराई, पण भुसावळचं ऊन ज्याला माहीत आहे तो पाहुण्यांवर ते लादणार नाही. एकादशी-चतुर्थी नको, गुरुवार नको, शुक्रवारची दुपार नको. शेवटी डिसेंबरातला रविवार निघाला, पौष लागायच्या आधीचा. आणि डिसेंबर म्हणजे भरिताची वांगी, ते एक कारण माझ्यासाठी पुरेसं होतं.

जिभाऊंची पद्धत अशी की दोन्ही घरी ते वेगवेगळे जाऊन बसले, वहिनींना म्हणजे त्यांच्या बायकोला घेऊन, आणि दोन्हीकडे दोनच प्रश्न विचारले. काय झालंच पाहिजे, आणि काय अजिबात सहन होणार नाही. उत्तरं वहीत लिहिली. आमच्याकडून आलं, हळद झाली पाहिजे, आजीच्या हातची अक्षता पडली पाहिजे, पंगत झाली पाहिजे, आणि जेवणात मटणाचा वास शाकाहारी पंगतीला येता कामा नये. तिकडून आलं, मेहंदी, नानीची दुआ, बिर्याणी आपल्याच बावर्चीची, हलाल, दारू कुठेही नको, आणि पोरीला कुठल्या पूजेला बसवायचं नाही. अम्मी एवढंच म्हणाल्या, "हमारे यहाँ से कोई भूखा नहीं जाना चाहिए." आमच्या आईने पण शब्द वेगळे पण हेच सांगितलं होतं. गंमत म्हणजे दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या तर एकमेकांना आडवी जाणारी एकही गोष्ट नव्हती. आम्ही सहा महिने ज्याच्यावर भांडलो ते सगळं यादीच्या बाहेरचं होतं, लोक काय म्हणतील त्यातलं.

"दोन्ही घरना मान ऱ्हावाले जोयजे," म्हणजे दोन्ही घरांचा मान राहिला पाहिजे, हे ते सारखं म्हणायचे आणि म्हणून स्टेजवर कुठलंही धर्माचं चिन्ह ठेवलं नाही, केळीचे खांब आणि झेंडू-शेवंती, बस. केळीचे खांब आमच्याच शेतातले. पत्रिकेवर पण वर काही नाही, केळीच्या पानाची बारीक नक्षी, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू, उर्दू मजकूर मालेगावहून टाइप करून आणला कारण इकडे कोणी ती अक्षरं नीट लावून देत नव्हतं. दोन वेगळ्या पत्रिका छापा असं काकू म्हणत होत्या, जिभाऊंनी ठाम नाही सांगितलं, दोन पत्रिका म्हणजे दोन लग्नं वाटतात. हे त्यांचं अगदी बरोबर होतं.

दागिन्याचा प्रसंग वहिनींमुळे सुटला. आईला मंगळसूत्र घालायचं होतं आणि अम्मींनी काळ्या पोतीचा लच्छा करून ठेवला होता, त्यांच्याकडे सासरचं म्हणून नवरीला लच्छा घालतात. दोघी एकमेकींना सांगायला संकोचत होत्या. वहिनींनी दोघींना जळगावच्या सराफ बाजारात एकत्र नेलं. पेढीवर मखमलीवर दोन्ही ठेवलं, काळे मणी इकडे पण आणि तिकडे पण, फक्त इकडे दोन वाट्या आणि तिकडे बारीक सोन्याच्या मण्यांच्या सरी. कारागिराने लच्छाच्या मधल्या सरीत वाट्या ओवून दाखवल्या आणि अम्मींनी स्वतः हाताने उचलून आईच्या गळ्याला लावून बघितलं कसं दिसतं. भावजय आता तोच घालते, ऑफिसला पण.

सही सकाळी जळगावला ऑफिसात. विवाह अधिकाऱ्याला जादा फी भरून लग्नाच्या ठिकाणी पण बोलावता येतं, पण आम्ही ऑफिसातच केलं कारण दोघांनाही तो भाग शांतपणे हवा होता. तीन साक्षीदार लागतात, एक मी, एक तिचे मामू आणि एक दोघांचा मित्र. दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारतो असं अधिकाऱ्यासमोर मोठ्याने म्हणायचं असतं, दोघांना समजेल त्या कुठल्याही भाषेत चालतं, त्यांनी मराठीत म्हटलं. कायद्याच्या दृष्टीने लग्न ते. ओरिजिनल कागद, फोटो, साक्षीदारांची ओळखपत्रं सगळं जिभाऊंनी आदल्या दिवशी एका फोल्डरमध्ये लावून दिलं होतं, वर यादी चिकटवून. मंडपवाल्याचं हे काम नाही, तरी केलं.

संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी त्यांनी सुचवलं की सत्यशोधक पद्धतीचं काहीतरी करा. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय, नवरा-नवरीने एकमेकांना वचन देऊन लग्न लावायची रीत घालून दिली, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात ही काही परकी गोष्ट नाही. दोघांनी आपापली वचनं लिहिली, भावाने मराठीत वाचली, तिने हिंदीत आणि शेवटच्या दोन ओळी मराठीत, आजीसाठी. हार घातले. आजीने अक्षता टाकली, नानीने डोक्यावर हात ठेवून दुआ मागितली, लोकांनी फुलांच्या पाकळ्या. पंधरा मिनिटांत सगळं झालं आणि कोणाला काही खुपलं नाही, मी मुद्दाम सगळ्यांचे चेहरे बघत होते.

एक गोष्ट माझ्या मनाला फार भिडली. डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि मगरीबची, म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या नमाजाची वेळ ऐन पाहुणे यायच्या वेळेत येते. जिभाऊंनी कार्यक्रमपत्रिकेत तिथे मोकळी जागा सोडली होती, स्पीकर बंद, लॉनच्या मागच्या बाजूला धुतलेल्या सतरंज्या, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, नळ आणि स्टूल. कोणी सांगितलं नव्हतं. वीसेक माणसं जाऊन नमाज पढून आली, तेवढ्यात इकडे आमच्या गावाकडच्या बायका चहा घेत बसल्या, आणि परत गाणी सुरू. जे लोक दर वेळी विचारतात की अशा लग्नात हे कसं जमवायचं ते कसं जमवायचं, त्यांनी हे बघायला हवं होतं, सतरंजी आणि एक नळ एवढंच लागलं.

आता जेवण. यावर मी कितीही लिहू शकते.

दोन स्वयंपाकघरं, लॉनच्या दोन टोकांना. जिभाऊंनी आधी संध्याकाळी येऊन वारा कुठून वाहतो बघितलं आणि बिर्याणीच्या देगा वारा पंगतीकडून जिकडे जातो त्या टोकाला लावल्या, म्हणजे वास पंगतीकडे येणारच नाही. भांडी वेगळी, झारे वेगळे, वाढणारी पोरं वेगळी, पाण्याचे जार सुद्धा वेगळे. आणि सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे शाकाहारी जेवण सगळं केळीच्या पानावर पंगतीत आणि बिर्याणी ताटांत टेबलावर. पान आणि ताट कधी मिसळत नाही, धुताना पण नाही, त्यामुळे आमच्या माळकरी आत्याच्या मनात पण शंका राहिली नाही. मटण मामूंनी स्वतः आणून दिलं, बावर्ची त्यांच्या घरचा नेहमीचा, जिभाऊंनी फक्त जागा, लाकडं, गॅस, पाणी पुरवलं आणि त्याच्या कामात बोट घातलं नाही. बऱ्याच केटररना हे जमत नाही, बाहेरचा आचारी आला की त्यांचं तोंड वाकडं होतं.

पंगतीत वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, भरीत, कळण्याची भाकरी, शेव भाजी, जिलेबी. भरताची वांगी बामणोदची, हिरवी लांबट, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, साल काढून लाकडी भांड्यात ठेचलेली, मग हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे, वर तेल सुटलेलं. गॅसवर भाजलेल्या भरताला तो धुराचा वास येतच नाही. बट्टीचं पीठ जाडसर, गव्हात थोडा मका, ओवा, हळद, मोहन सढळ. गोळे उकडून, कापून मग तळलेले, बाहेरून कडक आणि आत बोटाने दाबलं की भुगा. तिच्याकडची माणसं बिर्याणीकडे जातील असा सगळ्यांचा हिशोब आणि झालं उलटं, फुफी, खाला सगळ्या पानावर येऊन बसल्या. फुफींना बट्टी कशी खायची ते आजी दाखवत होती, आधी कुस्करायची, मग मध्ये खड्डा करून वरण, त्याच्यावर तूप, चमचा नाही लावायचा. भाषा दोघींची वेगळी, हाताने सगळं चाललं होतं. आणि आमची गावची तरुण पोरं सगळी देगेपाशी.

इथेच अर्धा स्टार गेला. बट्टी कमी पडली. शेवटच्या पंगतीला अर्धा-पाऊण तास थांबावं लागलं, परत पीठ मळून उकडून तळेपर्यंत, आणि त्या पंगतीत भुसावळच्या बाहेरून आलेले पाहुणे होते ज्यांना रात्रीची गाडी होती, दोघं तर न जेवता जायला निघाले, आईने डबे भरून दिले. एवढ्या अनुभवी माणसाने दोन्हीकडची माणसं दोन्हीकडे जेवतील हे धरायला हवं होतं. अशा लग्नात अंदाज घेताना शाकाहारी पानं एकूण माणसांच्या हिशोबाने धरा, फक्त एका बाजूच्या नाही. त्यांना सांगितलं तर लगेच मान्य केलं आणि जादा पानांचे पैसे लावले नाहीत.

बाकी तक्रारी लहान आहेत. साउंड सिस्टीम जुनी आहे, वचनं वाचताना मागच्या रांगेत ऐकू आलं नाही म्हणे. फोटोवाला त्यांच्या ओळखीचा घेतला तर काम बरं आहे पण अल्बम अजून यायचाय. हिशोब सगळा वहीत हाताने लिहिलेला, जीएसटी बिल हवं असेल तर आधीच सांगा. फोन पटकन उचलत नाहीत, वहिनींना केलेला चांगला. इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं झगमगीत डेकोरेशन हवं असेल, ड्रोन, धूर, एलईडी वॉल, तर हे तुमचं माणूस नाही.

दर मात्र वाजवी. शाकाहारी पान 300च्या आसपास, बिर्याणीचा खर्च बावर्चीला वेगळा दिला. ॲडव्हान्स एकतृतीयांश, तोही नोटीसची पावती दाखवल्यावर. उरलेले पैसे दोन्ही घरांनी अर्धे-अर्धे दिले, आणि ते पण त्यांच्याच सांगण्यावरून, एकाने दिले की दुसरा पाहुणा होतो असं ते म्हणाले.

आणि हो, दोन घरांपैकी एकाचा विरोध असेल, पोरं एकटीच करत असतील, तरी ते काम घेतात, मी मुद्दाम विचारलं. तेव्हा मंडप लहान असतो आणि साक्षीदारांची सोय ते स्वतः बघतात. फक्त एक अट, मुलगा आणि मुलगी दोघांशी वेगवेगळं बसून बोलणार, वहिनी मुलीशी आणि ते मुलाशी, आणि दोघांनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं तरच तारीख देणार. तशा जोडप्यांना ते पहिल्याच दिवशी अंनिसच्या कार्यकर्त्यांकडे पाठवतात, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती अशा लग्नांना मदत करते, कागदपत्रांपासून ते घरच्यांशी बोलण्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीच्या तारखा भरिताच्या सीझनमुळे लवकर भरतात, तेव्हा दिवाळीच्या आत जाऊन भेटा, आणि जाताना दोन्ही घरचं एक-एक मोठं माणूस सोबत न्या, त्यांना तेच आवडतं.